कोटीतीर्थाकाठचा चित्रकार

हिवाळ्यात आपल्या इंदापूर तालुक्यात, भिगवणला रोहित पक्षी येतात. उजनीच्या पाण्याकाठी गर्दी होते. भराभर फोटो काढायचे, मासळीचं जेवण जेवायचं आणि गाडीत बसायचं! ते पाहिलं की मला कोल्हापूरचे आबालाल रहिमान आठवतात. ते पाण्याकाठी बसले ते आयुष्यभरासाठी.

आबालालांचे वडील कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करत. सुंदर अक्षर आणि नक्षी यांचे संस्कार घरातच झाले. दरबारच्या मदतीने ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉयचं सुवर्णपदक मिळालं. मुंबईत राहिले असते तर पैसा आणि नाव दोन्ही मिळालं असतं. पण ते गावी परतले.

राजर्षी शाहू महाराजांनी या गुणी माणसाला आश्रय दिला. आबालालांनी लग्न केलं नाही, संसार थाटला नाही. कोटीतीर्थ तलावाकाठी ते फकिरासारखे राहिले. झाडं, पाणी, आभाळ, रंकाळा आणि संध्यामठ हेच त्यांचं गणगोत. तीच जागा, पण सकाळचा उजेड वेगळा, संध्याकाळचा वेगळा. तो उजेड कागदावर उतरवायचा, एवढाच त्यांचा ध्यास. चित्र विकलं जावं म्हणून त्यांनी काढलंच नाही.

१९२२ मध्ये महाराज गेले. चित्रांचा खरा जाणकार गेला. त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रं कोटीतीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. १९३१ मध्ये तेही गेले. जी चित्रं वाचली, त्यातली काही कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. अंबाबाईच्या दर्शनाला आपण जातोच, तेव्हा तासभर तिकडेही वाकडी वाट करावी.

मैत्रिणींनो, एवढा मोठा कलावंत, पण कौतुकाची नजर हरपली आणि त्याला आपलंच काम नकोसं झालं. मग आपल्या घरातल्या लहानग्यांचं काय? वहीच्या मागच्या पानावर पोरीने चिमणी काढली, की आपण पटकन म्हणतो, 'आधी गणितं कर.' रद्दी देताना ती वहीही जाते. पुढच्या वेळी ते पान जरा फाडून ठेवू या. आणि चिमणी छान झालीय, हे तिला सांगू या.