मधुमेहाशी लोकमान्यांची झुंज

लोकमान्य टिळकांचे नाव घेताच केसरीतील जळजळीत अग्रलेख, राजद्रोहाचे खटले आणि मंडालेचा तुरुंग डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु उत्तरायुष्यात त्यांना आणखी एका शत्रूशी झुंजावे लागले. तो होता मधुमेह.

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर टिळक मुळात नाजूक प्रकृतीचे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पहिले वर्ष व्यायामात घालवून त्यांनी शरीर कमावले. १८९७ मधील राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगातील निकृष्ट अन्नाने ते खंगले. पुढे मधुमेह जडला. २२ जुलै १९०८ च्या रात्री, ५२ वर्षे पुरी होण्याच्या आदल्या दिवशी, त्यांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सुनावण्यात आली.

त्या काळी मधुमेहावर गुणकारी औषध नव्हते. पथ्य हाच आधार. मंडालेच्या कोठडीत टिळकांनी ते कसोशीने पाळले. भात-पोळी सोडून सातूच्या पिठावर ते राहू लागले. याच तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढले. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाईंच्या निधनाचे वृत्तही त्यांना तेथेच कळले. जून १९१४ मध्ये सुटका झाल्यावर विश्रांती न घेता त्यांनी होमरूलची चळवळ उभारली. चिरोल खटल्यासाठी विलायतही गाठली.

जुलै १९२० मध्ये मुंबईत मुक्कामी असताना त्यांना ताप भरला. त्याचे पर्यवसान न्यूमोनियात झाले आणि १ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर सरदारगृहात त्यांची प्राणज्योत मालवली. मधुमेहात जंतुसंसर्ग बळावतो आणि संसर्गाने रक्तातील साखर आणखी भडकते. हे दुष्टचक्र तोडण्यास ना इन्सुलिन होते, ना प्रतिजैविके. टोरांटोत बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले ते १९२१ मध्ये. ते रुग्णाला प्रथम टोचले गेले जानेवारी १९२२ मध्ये. पेनिसिलिन तर त्यानंतर सुमारे दोन दशकांनी वापरात आले.

आज वाशी, नेरूळ वा ऐरोलीच्या रुग्णालयात मधुमेही अत्यवस्थ होऊन आला, तर प्रथम बोट टोचून साखर मोजायची असते. साखर भडकून रक्तात आम्ल साचले असेल, तर शिरेतून सलाइन व इन्सुलिन देतात आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवतात. मात्र औषधाने दुसरे संकटही आणले आहे. इन्सुलिन अथवा काही गोळ्या घेऊन जेवण चुकले, की साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, शुद्धही हरपते. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे, तेथे शिरेतून ग्लुकोज देता येते. गोळ्यांचा अंमल रेंगाळत असल्याने शुद्ध आल्यावरही किमान २४ तास देखरेख हवी.

लोकमान्यांपाशी पथ्य होते, औषध नव्हते. आज औषध हाताशी आहे. तरी जेवणाची वेळ चुकवणाऱ्याला तेच औषध घातक ठरू शकते.