दादासाहेब फाळके : जीवन आणि स्मारक

नाशिक येथे पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेले फाळके स्मारक हे सार्वजनिक उद्यान आहे. भारतीय चित्रपटाचा पाया घालणाऱ्या कलावंताच्या कार्यातून त्याची प्रेरणा घेतलेली आहे. त्या कार्यामागील जीवनाचा परिचय या घटकात आपण करून घेणार आहोत.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण इत्यादींचे शिक्षण घेतले. पुढे छायाचित्रण व मुद्रण हे व्यवसाय त्यांनी केले. १९११च्या सुमारास येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून, आपल्या पुराणकथाही अशाच पडद्यावर आणाव्यात, असा ध्यास त्यांनी घेतला. विमा पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले.

भांडवलदारांचा विश्वास संपादन करण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. त्याच्या अंकुराची वाढ अनेक दिवस थोड्या थोड्या अंतराने चित्रित केली. पडद्यावर ते रोप काही क्षणांत वाढताना दिसले. हाती भांडवल नसता केवळ चिकाटीच्या बळावर केलेला हा प्रयोग त्यांच्या कार्यपद्धतीचे उत्तम उदाहरण होय.

पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्म धुण्याचे कामही केले. स्त्रिया अभिनयास तयार नसल्याने तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात सर्वांसाठी प्रदर्शित झाला. त्यानंतर फाळके यांनी नाशिक ही कर्मभूमी केली. ‘लंका दहन’ (१९१७) व ‘कालिया मर्दन’ (१९१९) हे चित्रपट लोकप्रिय झाले. ‘कालिया मर्दन’मध्ये कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली होती.

बोलपटांच्या आगमनानंतर मात्र त्यांची कला मागे पडली. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, विपन्नावस्थेत व जवळजवळ विस्मृतीत, त्यांचे निधन झाले. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नावे पुरस्कार देते. त्यांच्या अनेक चित्रपटांचे आज अंशच उरले आहेत. उद्यान व पुरस्कार नाव जपतात. कृती जपण्याचे काम वेगळे असते, हे अभ्यासकाने ध्यानी ठेवावे.

स्वयं-अध्ययन
१. वाटाण्याच्या प्रयोगाचे महत्त्व स्पष्ट करा.
२. अंबाजोगाई येथील मुकुंदराज किंवा दासोपंत यांच्या समाधिस्थळास भेट देऊन, तेथे कवीची कृती कितपत जाणवते, यावर दहा ओळी लिहा.