खांदेरीचे दुसरे नाव

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे पाहिले, की समुद्रात दोन बेटे दिसतात. जवळचे उंदेरी आणि पलीकडचे, दीपगृहाचे, खांदेरी. कोळी बांधवांच्या तोंडी हे बेट आजही खांदेरीच आहे. सरकारी कागदांत मात्र १९९८ पासून त्याची नोंद कान्होजी आंग्रे द्वीप अशी झाली. एका खडकाळ बेटाला एका दर्यावर्दीचे नाव मिळण्यास त्याच्या निधनानंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षे जावी लागली.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमारासचा. मूळ घराणे संकपाळांचे. पुणे परिसरातील आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे आडनाव रूढ झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या सेवेत होते. कान्होजींची कारकीर्द सुवर्णदुर्गावर आकाराला आली. औरंगजेबाच्या स्वारीने मराठी राज्य संकटात सापडले असताना त्यांनी कोकणपट्टीतील जलदुर्ग राखले आणि राजाराम महाराजांच्या काळात ते आरमाराचे सरखेल झाले.

पुढे शाहू महाराज आणि ताराबाई यांच्यातील कलहात कान्होजी प्रारंभी ताराबाईंच्या पक्षात होते. शाहूंनी पाठविलेल्या बहिरोपंत पिंगळे या पेशव्यालाच त्यांनी कैद केले. अखेर १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी शिष्टाई करून त्यांना शाहूंच्या बाजूस वळविले. त्या करारान्वये सरखेलपद त्यांच्याकडे कायम राहिले आणि कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांच्यासह खांदेरीवरही त्यांच्या अधिकाराची मोहोर उमटली.

खांदेरीचे मोल शिवाजी महाराजांनी आधीच ओळखले होते. १६७९ मध्ये त्यांनी येथे किल्ल्याचे काम सुरू केले, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी ते थांबविण्यासाठी जहाजे धाडली. पण काम थांबले नाही. मुंबई बंदराच्या दक्षिणेकडील जलमार्गावर येथून नजर ठेवता येत असे. कान्होजींनी हीच नजर अधिक तीक्ष्ण केली. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा हा त्यांचा आग्रह होता. विनापरवाना जहाज धरले जाई. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरचे खासगी गलबतही सुटले नाही.

इंग्रजांनी त्यांना चाचा ठरविले. परंतु परवाने देणे आणि जकात घेणे हे इंग्रज आणि पोर्तुगीजही करीतच होते. तो हक्क आपल्या किनाऱ्यावर आपलाच आहे, एवढेच कान्होजींचे म्हणणे होते. तो मोडून काढण्यासाठी १७१८ मध्ये गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर हल्ला चढविला, तो फसला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले. बाजीराव पेशवे फौजेनिशी मदतीला धावले. पोर्तुगीजांनी परस्पर तह केला आणि इंग्रजांना रिकाम्या हाताने परतावे लागले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे अलिबागेत निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे. त्यांच्या पश्चात मुलांत फूट पडली. १७५६ मध्ये तर पेशवे आणि इंग्रज एकत्र आले आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गाच्या बंदरात जळाले. ज्या आरमाराला परकीय सत्ता मोडू शकल्या नव्हत्या, ते घरच्या वैराने बुडाले. पुढे खांदेरी इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १८६७ मध्ये तेथे दीपगृह उभे राहिले. ज्यांची जहाजे या बेटाला टाळून जात, त्यांनाच ते वाट दाखवू लागले.

स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या तळाला आंग्रे हे नाव दिले. १९९८ मध्ये बेटालाही ते मिळाले. चाचा हा शिक्का पुसण्याचा तो एक मार्ग म्हणता येईल. तथापि जुने नाव पुसले गेले नाही. २०१९ मध्ये नौदलात दाखल झालेल्या पाणबुडीचे नाव खांदेरी आहे आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांतही या किल्ल्याची नोंद खांदेरी अशीच आहे.

ही दोन नावे परस्परांची स्पर्धक नव्हेत. एक नाव जागेचे आहे, दुसरे ती जागा राखणाऱ्याचे. थळच्या किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या पर्यटकाला दोन्ही ठाऊक असावीत, एवढीच अपेक्षा.