दापितानचा बंदिवान

परीक्षा संपली की कोठे जायचे, हा प्रश्न आमच्या घरी फारसा पडत नाही; मामाचे गाव ठरलेले असते. परंतु गेल्या उन्हाळ्यात वडिलांनी मला एकदम फिलिपाइन्सला पाठविले. दादा तेथे सेबू शहरात वैद्यकीचे शिक्षण घेतो. दोन वर्षांत तो घरी आला नव्हता, आणि हल्ली त्याच्या फोनवरील बोलण्यावरून आईला शंका येऊ लागली होती की पोराचे मन तेथून उडाले आहे. तेव्हा भावाला पाहून ये आणि जमल्यास चार स्थळेही पाहून ये, अशी ती दुहेरी कामगिरी होती. माझ्या यादीत स्थळ एकच होते : दापितान. आशियातील राष्ट्रीय चळवळींवर वाचताना आपल्या ग्रंथालयात मला होसे रिसाल हे नाव प्रथम भेटले, आणि तेव्हापासून या माणसाबद्दल माझ्या मनात आदर होता, तशीच एक तक्रारही होती.

दापितान हे मिंदानाओ बेटाच्या वायव्य किनाऱ्यावरचे लहानसे शहर. सेबूहून रात्रीच्या बोटीने निघालो व सकाळी पुलाउआनच्या धक्क्याला उतरलो. पुढे ट्रायसिकल, म्हणजे मोटारसायकलला बाजूने डबा जोडलेली, आपल्या रिक्षाची चुलतबहीणच! दादाचे वर्गमित्र पूर्वी येथे येऊन गेले होते, पण ते ग्लोरियाज फँटसीलँडमधील पाळणे आणि डाकाकचा समुद्रकिनारा पाहण्यासाठी. आम्ही चालकाला सांगितले, आधी रिसाल जेथे उतरले तेथे ने.

समुद्राकाठच्या रस्त्यालगत ती जागा राखून ठेवली आहे. १७ जुलै १८९२ च्या संध्याकाळी स्पॅनिश सरकारच्या बोटीने एकतीस वर्षांच्या एका डॉक्टराला येथे आणून सोडले. त्याचा अपराध काय? दोन कादंबऱ्या आणि एक सभा. १९ जून १८६१ रोजी लुझॉन बेटावरील कालांबा येथे रिसालांचा जन्म झाला. मानिलात व पुढे माद्रिदमध्ये त्यांनी शिक्षण घेतले, आईची दृष्टी अधू होत चालली म्हणून नेत्रवैद्यक निवडले आणि त्यासाठी पॅरिस व हायडेलबर्ग येथील नामांकित नेत्रतज्ज्ञांच्या हाताखाली काम केले. १८८७ साली बर्लिनमध्ये ‘नोली मे तांगेरे’ आणि १८९१ साली गेंटमध्ये ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ अशा त्यांच्या दोन स्पॅनिश कादंबऱ्या छापल्या गेल्या. धर्मगुरूंची जमीनदारी आणि वसाहतीचा कारभार यांचे त्यांत जे चित्र आहे, ते सत्ताधाऱ्यांना झोंबले. हाँगकाँगमध्ये त्यांचा डॉक्टरकीचा जम चांगला बसला होता. तो सोडून १८९२ च्या जूनमध्ये ते मानिलाला परतले. ३ जुलैला त्यांनी ‘ला लिगा फिलिपिना’ ही सभा स्थापन केली आणि चारपाच दिवसांतच त्यांना अटक झाली. ना खटला, ना सुनावणी, थेट हद्दपारी.

मराठी माणसाला येथे मंडाले आठवल्यावाचून राहत नाही. पण टिळकांभोवती तुरुंगाच्या भिंती होत्या. रिसालांभोवती समुद्र, जंगल आणि एक सुस्त गाव. मागील चुका जाहीरपणे कबूल करण्याच्या अटी मान्य केल्या असत्या तर धर्मगुरूंच्या घरी त्यांची राहण्याची सोय झाली असती. त्यांनी त्या नाकारल्या व लष्करी अधिकारी कार्निसेरो यांच्या घरी मुक्काम केला. पहारेकरी व कैदी यांची चक्क दोस्ती जमली! दोघांनी आणखी एकाबरोबर भागीत लॉटरीचे तिकीट काढले आणि त्या सप्टेंबरात त्याला वीस हजार पेसोंचे बक्षीस लागले. रिसालांच्या वाट्याला सहा हजार दोनशे आले. त्यांतील दोन हजार वडिलांना पाठवून उरलेल्या पैशांतून त्यांनी गावाजवळ तालिसाय येथे जमीन घेतली. इतिहासात दैव फारसे येत नाही असे आमचे सर म्हणतात. येथे मात्र ते तिकीट घेऊन आले.

तालिसायला जाण्यापूर्वी गावातला चौक पाहिला. चर्चसमोर मिंदानाओ बेटाचा माती-दगडांचा उठावाचा नकाशा आहे. रिसालांनी आपले जुने शिक्षक फादर सांचेझ यांच्या मदतीने तो जमिनीवरच घडविला. ज्या बेटाबाहेर जाण्याची बंदी, त्याच बेटाचे डोंगर-दऱ्या बसून रचायच्या! मी बराच वेळ त्याच्या कडेला उभी होते. दादा उन्हाने वैतागला होता.

तालिसाय आता स्मारक आहे. झाडीत, समुद्राला लागून, बांबू व निपाच्या पानांच्या झोपड्या मूळ जागी पुन्हा उभारल्या आहेत : राहते घर, शाळेच्या मुलांचे घर, रुग्णांसाठी झोपडी, एवढेच काय, कोंबड्यांसाठीही अष्टकोनी खुराडे. आपल्याकडच्या स्मारकांत पुतळाच मोठा असतो. येथे रोजच्या कामाच्या जागा दाखवतात, हे मला फार आवडले.

शाळा १८९३ मध्ये तीन मुलांवर सुरू झाली आणि पुढे एकवीसपर्यंत गेली. फी नव्हती, मुलांनी त्याऐवजी बागेत, शेतात व बांधकामावर काम करायचे. वर्ग दुपारी दोन ते चार. वाचन, लेखन, गणित, भूमिती, स्पॅनिश, इंग्रजी, आणि शिवाय पोहणे व कसरत. जो मुलगा पहिला येई तो बाकाच्या टोकाला ‘सम्राट’ म्हणून बसे. साम्राज्याने हद्दपार केलेल्या मास्तरांनी हा किताब ठेवताना मिशीत हसून घेतले असेल, असे आपले मला वाटते. याच मुलांना घेऊन ते रानात व किनाऱ्यावर हिंडत, शंख-शिंपले, कीटक व सरडे गोळा करीत आणि युरोपातील संग्रहालयांना पाठवीत. बदल्यात पुस्तके व उपकरणे येत. एका उडत्या सरड्याला, एका बेडकाला आणि एका भुंगेऱ्याला युरोपीय शास्त्रज्ञांनी रिसालांचे नाव दिले.

गावासाठी त्यांनी काय केले ते ऐकून तर दादाचीही चाल मंदावली. तरुणपणी त्यांनी जमीनमोजणीची परीक्षा दिली होती, ती आता उपयोगी पडली. डोंगरातील ओढ्याचे पाणी बांबूची पेरे, जुनी कौले अशा मिळेल त्या सामानाने त्यांनी दापितानपर्यंत आणले. हिवतापाचे मूळ असलेली दलदल उपसली. एका इंग्रज रुग्णाने फी म्हणून पाचशे पेसो दिले, तर त्यांतून गावाच्या रस्त्यांवर खोबरेल तेलाचे दिवे लावले. डोळ्यांच्या उपचारासाठी दूरदूरच्या बेटांवरून, हाँगकाँगहूनसुद्धा, लोक येत. श्रीमंतांकडून ते पैसे घेत, गरिबांवर फुकट उपचार करीत. आईच्या मोतीबिंदूवरही त्यांनी उपचार केले.

रुग्णांच्या झोपडीत दादा एकटाच मागे राहिला. बाहेर आल्यावर तो काही बोलला नाही, मीही विचारले नाही.

हाँगकाँगहून आलेल्या अशाच एका अंध रुग्णाबरोबर १८९५ च्या फेब्रुवारीत त्याची मानसकन्या जोसेफिन ब्रॅकन आली. ती अठरा वर्षांची, आयरिश वंशाची. दोघांना लग्न करायचे होते, पण पूर्वीची मते मागे घेतल्याशिवाय चर्च लग्न लावीना, आणि रिसाल ती मागे घेईनात. शेवटी ते लग्नाशिवायच एकत्र राहू लागले. गावात कुजबूज झाली, बहिणीही नाराज झाल्या. त्यांना दिवस भरण्याआधीच मुलगा झाला आणि काही तासांतच गेला. बापाने त्याला तेथेच कोठेतरी पुरले. किनाऱ्यावरचा जो खडक ‘मी रेतीरो’ म्हणून दाखवतात, त्यावर ती दोघे बसत असत म्हणे.

आता माझी तक्रार. २१ जून १८९६ रोजी डॉक्टर पियो व्हालेन्सुएला एका आंधळ्या माणसाला रुग्ण म्हणून बरोबर घेऊन दापितानला आले. उपचार हे निमित्त. खरे काम निराळे होते. कतिपुनान ही गुप्त संघटना सशस्त्र उठावाच्या तयारीत होती. रिसालांच्या नावावर तिचा जीव होता. त्यांचे नाव तिच्यात परवलीचा शब्द म्हणून चाले. त्यांना सोडवून नेण्याची तयारी होती. रिसालांनी नकार दिला. लोकांजवळ शस्त्रे नाहीत, तयारी नाही, उगाच रक्त सांडेल असे त्यांचे मत होते. शिवाय पळून जाणार नाही असा शब्द त्यांनी दिलेला होता. ग्रंथालयात वाचले तेव्हा मला हा नकार भ्याडपणाचाच वाटला होता. लोक मरायला निघाले असताना नेत्याने शब्दाचे काय घेऊन बसायचे?

परंतु भ्याड म्हणावे तर पुढची हकीकत जुळत नाही. आपल्याला क्युबात पीतज्वराच्या साथीत डॉक्टर म्हणून पाठवावे, अशी विनंती त्यांनी आधीच केली होती. ती मंजूर झाली व ३१ जुलै १८९६ च्या रात्री त्यांनी दापितान सोडले. सारा गाव निरोपाला किनाऱ्यावर लोटला होता. मानिलात स्पेनला जाणारी बोट चुकली, आणि ते थांबून असतानाच ऑगस्टमध्ये उठाव झाला. सप्टेंबरात ते निघाले. सिंगापूरला बोट लागली तेव्हा सोबतचा एक धनिक प्रवासी उतरून गेला. त्याने रिसालांनाही उतरण्याचा आग्रह केला. तेथे इंग्रजांचे राज्य, म्हणजे जीव वाचला असता. ते उतरले नाहीत. वाटेतच त्यांना अटक झाली, बार्सेलोनाहून परत मानिलाला आणले गेले. कैदेत असताना त्यांनी उठावाचा निषेध करणारे निवेदन लिहिले. सरकारने ते प्रसिद्धच केले नाही, आणि त्याच उठावाबद्दल त्यांना दोषी धरले. ३० डिसेंबर १८९६ रोजी सकाळी बागुम्बायनच्या मैदानावर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय पस्तीस. ज्यांच्याबरोबर जायला त्यांनी नकार दिला होता, त्यांची चळवळ त्या गोळ्यांनी विझण्याऐवजी भडकली.

परतीच्या बोटीत डेकवर आमचा वाद झाला. माझे म्हणणे, व्हालेन्सुएलाबरोबर गेले असते तर उठावाला डोके मिळाले असते. दादा म्हणाला की, ज्या माणसाकडे डोळे तपासायला रांग लागलेली असते, त्याला रांग सोडून जाता येत नाही. हे तुम्हा इतिहासवाल्यांना कळायचे नाही. मी म्हटले, मग क्युबाला कसे निघाले? यावर त्याला उत्तर सुचले नाही. मलाही पुरते पटलेले नव्हते. शेजारच्या दिपोलोगची काचेच्या बरणीतली सार्डिन मासळी त्याने आईसाठी म्हणून घेतली होती, ती वाद घालता घालता आम्हीच भाताबरोबर संपवली. सेबूला पोहोचलो तेव्हा नुकते उजाडत होते. मला खोलीवर सोडून, आंघोळ उरकून, दादा सात वाजता नेत्रविभागात हजर राहण्यासाठी निघून गेला. आईला फोन मी दुपारी केला.