महालनोबिस कोण होते?

मित्रांनो, आधी एक कबुली देते. सेकंड इयरला मिनी-प्रोजेक्टसाठी आम्ही रक्ताच्या रिपोर्टवरून आजार ओळखणारा प्रोग्राम लिहिला होता. लायब्ररी इम्पोर्ट केली, एक फंक्शन कॉल केलं, उत्तर आलं. फंक्शनच्या नावात महालनोबिस असा शब्द होता. व्हायवात सरांनी विचारलं, हे कोण? कुणीतरी ग्रीक शास्त्रज्ञ असतील, असं मी बिनधास्त ठोकून दिलं! सर नुसते हसले. रूमवर येऊन वाचलं, तेव्हा जाम लाज वाटली. कारण हे गृहस्थ चक्क कलकत्त्याचे!

प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्म २९ जून १८९३चा. प्रेसिडेन्सी कॉलेजातून फिजिक्स घेऊन ते १९१२ साली पदवीधर झाले आणि १९१३ साली इंग्लंडला गेले. जायचं होतं लंडनच्या विद्यापीठात. पण केंब्रिज बघायला गेले आणि परतीची शेवटची गाडी चुकली. मुक्काम पडला. किंग्ज कॉलेजचं चॅपल बघून ते एवढे भारावले, की तिथेच प्रवेश घेऊन मोकळे झाले. तिथे त्यांची रामानुजनशी मैत्री झाली.

१९१५ साली शिक्षण संपवून निघायची वेळ आली, तर महायुद्धामुळे बोट लांबली. लायब्ररीत वेळ काढत असताना मॅकॉले नावाच्या ट्यूटरनी त्यांना ‘बायोमेट्रिका’ हे संख्याशास्त्राचं नियतकालिक दाखवलं. यांनी त्याचे अंक विकत घेतले आणि बोटीवर वाचून काढले. सुट्टी संपवून पुन्हा केंब्रिजला फिजिक्सच्या संशोधनासाठी जायचा बेत होता. तो राहूनच गेला. प्रेसिडेन्सीत फिजिक्स शिकवायला लागले, पण मन आकड्यांत अडकलं होतं.

आता आपल्या महाराष्ट्राचा संबंध. १९२० साली नागपूरला सायन्स काँग्रेस भरली होती. तिथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनन्डेल यांनी कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मापं यांच्यापुढे ठेवली आणि त्यांचा अभ्यास करायला सांगितलं. त्यातून प्रश्न निघाला, की दोन समूह एकमेकांपासून किती दूर आहेत हे मोजायचं कसं? लंडनच्या कार्ल पीअर्सन यांचं एक माप होतं. महालनोबिस त्यांच्या प्रयोगशाळेत काही महिने काम करून आले, पण ते माप काही यांना पटलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाशी मतभेद झाले तरी मागे हटले नाहीत. शेवटी १९३६ साली त्यांचा अंतरावरचा प्रसिद्ध पेपर आला.

त्यातली गंमत सोप्या उदाहरणाने बघू. समजा, निरोगी मुलांची सरासरी उंची १६५ सेंमी आणि वजन ६० किलो आहे. एक मुलगा १७५ सेंमी, ७० किलो. दुसराही १७५ सेंमी, पण ५० किलो. शाळेतल्या सूत्राने दोघांचं सरासरीपासूनचं अंतर सारखंच येतं, सुमारे १४. पण डॉक्टर काळजी कुणाची करतील? दुसऱ्याची! कारण उंचीबरोबर वजन वाढतं, आणि हा त्या रिवाजाबाहेर आहे. महालनोबिस अंतर नेमकं हेच धरतं. मापं एकमेकांशी कशी बांधलेली आहेत ते आधी बघतं आणि मग अंतर सांगतं. सेंमी आणि किलोची भेळही होत नाही.

१९३१ साली त्यांनी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट काढली. जागा कुठली, तर फिजिक्स डिपार्टमेंटमधली एक खोली. पहिल्या वर्षाचा खर्च २३८ रुपये! आपल्या टेकफेस्टचा चहाही त्यात होणार नाही. त्याच संस्थेत १९५६ साली भारतातला पहिला डिजिटल कॉम्प्युटर बसला. देशाचं नमुना सर्वेक्षण १९५० साली सुरू झालं, तेही यांच्यामुळेच. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडाही त्यांचा. अवजड उद्योगांवर त्यात फार भर दिला, अशी टीका तेव्हाही झाली आणि नंतरही होत राहिली.

याच संस्थेत १९५४-५५ साली जपानचे गेनिची तागुची येऊन राहिले होते. प्रॉडक्शनवाल्यांना हे नाव पाठ असेल. पुढे त्यांनी महालनोबिस अंतर वापरून निदानाची पद्धत बसवली. निरोगी माणसांचा एकच गट धरायचा आणि पेशंट त्यापासून किती दूर आहे ते बघायचं. यकृताच्या आजाराचं उदाहरण त्यात प्रसिद्ध आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. हे सूत्र जन्मलं ते माणसांची डोकी आणि नाकं मोजून वंश आणि जाती लावण्याच्या काळात. आज त्याच सूत्राने आपण आजारी आणि निरोगी वेगळे करतो. सूत्र बिचारं फक्त अंतर सांगतं. त्या अंतरावर रेघ कुठे मारायची, हे आपण ठरवतो. रेघ चुकली, तर धडधाकट माणूस आजारी ठरतो, किंवा आजारी माणूस गोळ्या न घेता घरी जातो. आमच्या प्रोजेक्टमध्ये ती रेघ आम्ही अॅक्युरसी वाढावी म्हणून सरकवली होती. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.

२८ जून १९७२ रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते गेले. २००७ पासून २९ जून हा देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.

तेव्हा दोस्तांनो, फंक्शन कॉल करण्याआधी त्याच्या नावाचा माणूस एकदा वाचा. आणि हो, कुणाची शेवटची एसटी चुकली, तर फार वाईट वाटून घेऊ नका!