दोन घरांचा एक सूर : संगीतकार सी. रामचंद्र



आपल्या बडोद्याला संगीताची मोठी परंपरा आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८६ साली उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा सोपवली. आज सूरसागराच्या काठी विश्वविद्यालयाची जी संगीत विद्याशाखा उभी आहे, तिचे मूळ त्या गायनशाळेत आहे. त्याच काळात संस्थानात विलायती वाद्यांचा बँडही होता. म्हणजे तंबोरा आणि ट्रम्पेट यांची ओळख आपल्या गावाला फार जुनी आहे. या दोन्ही वाद्यांना एका गाण्यात सुखाने नांदवणाऱ्या एका मराठी माणसाची ओळख आज करून घेऊ. त्यांचे नाव सी. रामचंद्र. जवळची माणसे त्यांना अण्णा म्हणत.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी नगर जिल्ह्यातील पुणतांबे या गावी झाला. लहानपणापासून गाण्याची ओढ होती. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्याला गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी शास्त्रीय संगीताचे धडे घेतले. विनायकबुवा हे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. तिथली शिस्त कडक. रोजचा रियाज आणि रागाची शुद्धता यांना तिथे पर्याय नव्हता. हा पाया पुढे त्यांना जन्मभर पुरला.

पण तरुण रामचंद्रांना व्हायचे होते सिनेमाचे नायक! १९३५ सालच्या ‘नागानंद’ या चित्रपटात त्यांना प्रमुख भूमिका मिळालीही. चित्रपट चालला नाही आणि नायकपदाचे स्वप्न तिथेच विरले. पुढे सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये ते लहानसहान भूमिका करू लागले आणि संगीतकारांना पेटीची साथ देऊ लागले. नायक म्हणून आलेला मुलगा कोपऱ्यात पेटी घेऊन बसला. दुसरा एखादा खचून घरी परतला असता. रामचंद्र मात्र त्या कोपऱ्यात बसून चाल कशी बांधतात, वादकांचा मेळ कसा जमवतात, हे शिकत राहिले.

स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांची सुरुवात झाली ती मराठीत नाही आणि हिंदीतही नाही, तर तमिळ चित्रपटांत! ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’ ही त्या चित्रपटांची नावे. ही संधी दिली मास्टर भगवान यांनी. भगवान म्हणजे भगवान आबाजी पालव, आपलेच मराठी नट-दिग्दर्शक. त्यांच्याच ‘सुखी जीवन’ (१९४२) या हिंदी चित्रपटाने रामचंद्रांचे नाव झाले.

मग आले १९४७ साल. देश स्वतंत्र होत होता आणि त्याच वर्षी फिल्मिस्तानचा ‘शहनाई’ हा हलकाफुलका विनोदी चित्रपट आला. दिग्दर्शक प्यारेलाल संतोषी यांनी गाणीही स्वतःच लिहिली होती. त्यातले रविवारी भेटायला बोलावणारे गाणे देशभर गाजले. गाण्याचा प्रसंग मोठा मजेदार आहे. साहेबी थाटाचा एक तरुण देशी मुलीला परदेशच्या शहरांची आणि तिकडच्या खाण्यापिण्याची लालूच दाखवतो आणि ती धर्माकर्माची मुलगी त्याला फटकारून लावते. साहेबाचे राज्य जात असतानाच साहेबी थाटाची ही थट्टा चालली होती, आणि तीही साहेबाच्याच ठेक्यावर! त्या तरुणाचा आवाज स्वतः रामचंद्रांचा. गाताना ते ‘चितळकर’ हे नाव लावत, त्यामुळे गायक आणि संगीतकार एकच आहेत हे पुष्कळांच्या लक्षातही येत नसे.

गाणे तरुणांनी डोक्यावर घेतले, पण अनेक जाणत्यांनी नाके मुरडली. शास्त्रीय संगीत शिकलेल्या माणसाने असा उथळपणा करावा का, असा प्रश्न निघाला. तो प्रश्न अगदीच पोकळ नव्हता. नव्या स्वतंत्र देशाचे संगीत कसे असावे, याची ती चिंता होती. १९५२ नंतर काही वर्षे आकाशवाणीनेही सिनेसंगीताला दूर ठेवले. त्यावरचा एक आक्षेप पाश्चात्त्य अनुकरणाचाच होता. लोक मग रेडिओ सिलोन लावून गाणी ऐकत.

रामचंद्रांनी या आक्षेपाला उत्तर दिले ते कामातून. १९५१ साली मास्टर भगवान यांचा ‘अलबेला’ आला. त्यात बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांच्या तालावर भगवान आणि गीता बाली नाचले. चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले गोव्याचे ट्रम्पेटवादक अँतोनियो झेवियर वाझ हे रामचंद्रांचे सहायक होते. ते आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. रामचंद्रांसारखे संगीतकार सरगमच्या अंगाने विचार करीत, तर गोव्याचे वादक पाश्चात्त्य स्वरलेखन वाचून वाजवीत. दोन पद्धतींची माणसे एका खोलीत बसत आणि तिथून नवे गाणे बाहेर पडे. पण त्याच ‘अलबेला’मध्ये पिलूच्या अंगाने जाणारी एक अंगाई आहे. ती ऐकताना बोंगो, ट्रम्पेट कुणाला आठवतसुद्धा नाहीत. एकाच माणसाने, एकाच चित्रपटासाठी ही दोन्ही गाणी केली.

पुढे ‘अनारकली’ (१९५३) मध्ये त्यांनी भीमपलासीचा आधार घेतला आणि ‘आझाद’ (१९५५) मध्ये बागेश्रीचा. लता मंगेशकरांच्या आवाजातली ही गाणी आजही गायली जातात. आणि मग १९५७ च्या ‘आशा’मध्ये पुन्हा धमाल! ‘ईना मीना डीका’ हे निरर्थक शब्दांचे गाणे किशोरकुमारांनी आणि आशाताईंनी वेगवेगळे गायले. बाहेर खेळणाऱ्या मुलांची इंग्रजी बडबड कानावर पडून ते सुचले आणि त्यात एका गोवेकर सहकाऱ्याने कोकणी शब्दांची भर घातली, असा किस्सा सांगितला जातो. इंग्रजी खेळ, कोकणी शब्द, हिंदी चित्रपट आणि मराठी संगीतकार!

१९६२ च्या युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंच्या उपस्थितीत लताबाईंनी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ हे कवी प्रदीप यांचे गीत गायले. आपण दरवर्षी शाळेत ते ऐकतो. त्याची चाल रामचंद्रांचीच आहे. ज्यांच्यावर उथळपणाचा आरोप झाला, त्यांच्याच चालीने सगळ्या देशाच्या डोळ्यांत पाणी आणले.

त्यानंतर काळ पालटला. नवे संगीतकार आले आणि रामचंद्रांकडचे काम कमी झाले. ते मराठीकडे वळले. ‘धनंजय’ (१९६६) आणि ‘घरकुल’ (१९७०) हे चित्रपट त्यांनी काढले. त्यांना संगीत दिले आणि त्यांत भूमिकाही केल्या. तारुण्यात हुकलेली अभिनयाची हौस अशी उतारवयात भागली. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र त्यांनी १९७७ साली लिहिले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, आपण बडोद्याची मराठी मुले. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी, अभ्यासात इंग्रजी. नवरात्रात आपण गरबा खेळतो आणि गणपतीत आरती म्हणतो. कधी घरचे म्हणतात, तुमची मराठी बिघडली. कधी वर्गमित्र आपल्या बोलण्याला हसतात. अशा वेळी अण्णा चितळकरांची आठवण ठेवावी. बाहेरचे घेतले म्हणून त्यांचे आपले गेले नाही, कारण आपले काय ते त्यांनी आधी मेहनतीने शिकून घेतले होते. पाया न घालता नुसते उसने घेतले असते, तर ‘अलबेला’चा ठेका तेवढा जमला असता, ती अंगाई जमली नसती.

या सुट्टीत आजी-आजोबांजवळ बसून ‘अलबेला’ची गाणी जरूर ऐका. ती अंगाई लागली की आजीकडे बघा. बहुधा तीही गुणगुणू लागेल.