मडक्यातलं रसायनशास्त्र : डॉ. कमला सोहोनी

मागच्या पावसाळ्यात माती परीक्षणाची माहिती द्यायला तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गेलो होतो. वर्ग नववीचा. मातीचा सामू म्हणजे काय, असं विचारलं तर सगळी पोरं गप्प. आम्ल, आम्लारी, क्षार हे सगळं त्यांचं पाठ होतं. लिटमसचा कागद लाल-निळा होतो तेही माहीत. पण आपल्या बापाच्या चोपण रानाशी त्याचा काही संबंध असेल, हे डोक्यात आलेलं नव्हतं. वर्ग सुटल्यावर एका मुलीनं हळूच विचारलं, की दहावीनंतर रसायनशास्त्र घेऊन पोरींना पुढं काय करता येतं. त्या वेळी घाईत होतो, नीट उत्तर दिलं नाही. ते आज देतो. शेतकरी बंधू-भगिनींनी आणि ग्रामपंचायतीतल्या मंडळींनीही वाचावं, कारण गोष्ट आपल्या डाळीची, दुधाची आणि ओढ्याकाठच्या शिंदीची आहे.

डॉ. कमला सोहोनी या माहेरच्या भागवत. जन्म इंदूरचा. साहित्यिक दुर्गाबाई भागवत, १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या त्या, कमलाबाईंची सख्खी बहीण. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव, दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. तेव्हा घरात विज्ञान काही नवं नव्हतं. आपणही बंगलोरला जायचं हे पोरीनं आधीच ठरवलेलं.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी रसायनशास्त्र घेऊन मिळवली, तीही गुणवत्ता यादीत पहिला नंबर काढून. मग बंगलोरला अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. संस्थेचे प्रमुख होते सर सी. व्ही. रामन, १९३० चे नोबेल विजेते. एवढा मोठा माणूस, पण या बाबतीत नजर तोकडी पडली, असं मला वाटतं. कमलाबाईंच्या जागी दुसरं कुणी असतं तर घरी बसलं असतं. त्या थेट रामन यांच्या कार्यालयात जाऊन उभ्या राहिल्या. कारण कळल्याशिवाय हलायचं नाही, असा सत्याग्रहच केला म्हणा. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरायचं नाही, काम पाहून मग ठरवायचं. मार्गदर्शक म्हणतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा काम करायचं. आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडू द्यायचं नाही. ही तिसरी अट त्यांना किती लागली असेल, हे मुली शिकवणाऱ्या आईबापांना वेगळं सांगायला नको.

मार्गदर्शक मिळाले श्रीनिवासय्या. काम मिळालं दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर. वर्षभरानं रामन यांची खात्री पटली, आणि पुढं त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ साली कमलाबाई एम.एस्सी. झाल्या.

तिथून शिष्यवृत्तीवर इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात. तिथं त्यांनी बटाट्यावर काम केलं. यातलं रसायन आपल्याला समजण्यासारखं आहे. झाड श्वास घेतं, म्हणजे पेशीत साखर आणि ऑक्सिजनचा संयोग होऊन ऊर्जा सुटते. चुलीत लाकूड जळतं तसंच, पण धग न होता, टप्प्याटप्प्यानं. हे टप्पे पार पाडायला पेशीत मदतनीस लागतात. त्यातलाच एक सायटोक्रोम सी, लोह असलेलं एक प्रथिन. प्राण्यांच्या पेशीत ते असतं हे माहीत होतं. वनस्पतीच्या पेशीतही ते आहे, हे कमलाबाईंनी दाखवलं. कपाशीत चार दिवस पाणी तुंबलं की पीक पिवळं पडतं ते का, याचं उत्तर इथंच आहे. मातीतली हवा निघून जाते, मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, आणि हे सगळे मदतनीस हात बांधून बसतात. नुसता युरिया टाकून ते भागत नाही, आधी चर काढून पाणी बाहेर घालवावं लागतं.

या कामावरचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. चौदा महिन्यांत काम उरकलं आणि १९३९ साली पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचं नाव आहे.

परदेशात राहता आलं असतं. त्याच वर्षी त्या परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या, मग निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केलं. १९४७ साली लग्न झालं, मुंबईला आल्या, आणि तिथल्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. त्यांचं माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम इथलं. विद्यार्थ्यांना त्यांनी विषय दिले ते गरिबाच्या ताटातले : कडधान्यं, भाताचं पीठ, नीरा.

आधी कडधान्यांचं पाहू. आपल्या पोटात प्रथिनं पचवायला ट्रिप्सीन नावाचं विकर असतं. वाल, डबल बी अशा शेंगवर्गीय बियांत या ट्रिप्सीनला अडवणारे पदार्थ असतात. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० नंतरच्या दशकात ते वेगळे काढून तपासले. म्हणजे दाण्यात प्रथिन भरपूर, पण कच्चं खाल्लं तर अंगी लागत नाही. यावरचा उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता : रात्री भिजत घालायचं, मोड आणायचे, मग चांगलं शिजवायचं. हे अडवणारे पदार्थही प्रथिनंच असतात. उष्णतेनं त्यांची घडण मोडते, अंड्याचा पांढरा बलक शिजून घट्ट होतो तसं. म्हणूनच सोयाबीन कच्चं दळून कोंबड्यांना घालू नका, असं आम्ही बैठकीत पुन्हा पुन्हा सांगतो. भाजलेलं किंवा वाफवलेलं द्या. काही जण ऐकतात, काही जण कोंबड्या वाढत नाहीत म्हणून पिल्लं देणाऱ्याला बोल लावतात.

बाजरीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो मूग-मटकीत भरपूर. कडधान्यात जे उणं असतं ते बाजरी भरून काढते. म्हणजे भाकरी आणि मटकीची उसळ ही जोडी रसायनाच्या हिशोबानंही पक्की आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी बरोबरच्या शिध्यात मटकी, हुलगा, मूग जरूर ठेवावा. नुसत्या भाकरी-मिरचीवर पोरांची वाढ होत नाही.

आता नीरा. हे काम हाती घेण्याची सूचना खुद्द राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केली होती. ताडाचा किंवा शिंदीचा ताजा रस म्हणजे नीरा. पहाटेची गोड, उन्हं चढली की आंबते, कारण हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. फेस येतो तो या वायूचा. तशीच आणखी ठेवली तर अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल होतं, म्हणजे व्हिनेगर. मडक्याला आतून चुना लावतात तो उगाच नाही. चुना आम्लारी, त्यामुळं रसाचा सामू वर राहतो आणि यीस्टला जोर करता येत नाही. शाळेतला आम्ल-आम्लारीचा धडा असा झाडावर टांगलेला असतो, मान वर करून बघितलं पाहिजे एवढंच.

कमलाबाईंच्या गटाला नीरेत अ आणि क जीवनसत्त्व व लोह चांगल्या प्रमाणात आढळलं, आणि आटवून गूळ-काकवी केल्यावरही ते टिकतं असं दिसलं. पुढच्या पाहण्यांत कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरा दिल्यावर तब्येत सुधारल्याचं आढळलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ओढ्याकाठची शिंदी म्हटलं की आपल्याकडं लोकांना फक्त दारू आठवते. दोष झाडाचा नाही, उशिराचा आहे.

मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाची प्रत सुधारण्यासाठी सल्ला दिला. विज्ञान संस्थेच्या संचालकही झाल्या, पण ते पद त्यांच्या वाट्याला यायला काही वर्षं उशीरच झाला.

निवृत्तीनंतर स्वस्थ बसल्या नाहीत. कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेत काम केलं, १९८२-८३ साली तिच्या अध्यक्ष होत्या. तिच्या 'कीमत' या अंकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. भेसळ ओळखणं हेही रसायनशास्त्रच. तूरडाळ फार पिवळीधमक दिसली आणि शंका आली तर थोडी डाळ गरम पाण्यात हलवा, ते पाणी काचेच्या नळीत घेऊन सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-चार थेंब टाका. पाणी गुलाबी-जांभळं झालं तर मेटॅनिल यलो हा घातक रंग आहे असं समजा. आम्ल हाताला लागू देऊ नका. शाळेच्या प्रयोगशाळेत गुरुजींच्या देखरेखीखाली हे सहज करता येतं.

१९९८ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं त्यांचा दिल्लीत सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

त्या शाळेत या महिन्यात पुन्हा जाणार आहे. सामू मोजायचं यंत्र, चोपण रानातली माती आणि पावशेर तूरडाळ बरोबर नेणार आहे.